खाऱ्या वाऱ्यात सरकतं छप्पर : घरगुती वेधशाळेच्या रुळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही, आपल्या परसात किंवा गच्चीवर दुर्बिणीसाठी कायमची खोली बांधणारे हौशी निरीक्षक आता भेटू लागले आहेत. घुमट परवडत नाही आणि तो बनवून देणारे कारागीरही जवळपास नसतात, त्यामुळे बहुतेकांची निवड सरकत्या, म्हणजे भिंतींवरच्या आणि बाहेरच्या खांबांवरच्या रुळांवरून चाकांनी बाजूला ढकलता येणाऱ्या छपरावर येऊन थांबते. छपराचा सांगाडा, पत्रा, दुर्बिणीचा खांब यांची माहिती हवी तेवढी मिळते. रुळांकडे मात्र शेवटी लक्ष जातं आणि किनाऱ्यावर सगळ्यात आधी तेच दगा देतात. म्हणून हे प्रश्न फक्त रुळांचे आहेत.

रूळ गंजला तर बिघडतं काय? छप्पर थोडं जड चालेल, एवढंच ना?

तेवढ्यावर भागत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळे रूळ आणि त्याखालची पट्टी यांच्यात गंज धरला की तो दोघांना अलग ढकलतो आणि रूळ मध्येच उचलला जातो. चाकाला तो उंचवटा लागतो, एक बाजू अडते, दुसरी पुढे जाते आणि छप्पर तिरकं होऊन रुतून बसतं. हे दुपारी घडलं तर माणसं बोलावता येतात. पहाटे तीनला आभाळ भरून आलं आणि उघड्या दुर्बिणीवरचं छप्पर अर्ध्यात अडकलं, तर हातात काही राहत नाही. रुळाची निवड म्हणजे दुर्बिणीच्या सुरक्षेची निवड आहे, या भावनेनेच ती करावी.

पाऊस तर घाटमाथ्यावर कोकणाहून जास्त पडतो. मग किनाऱ्यावरच गंज इतका का?

कारण गंज पावसापेक्षा मिठामुळे वाढतो. लाटा फुटताना उडालेले सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि धातूवर बसतात. हे मीठ हवेतली ओल ओढून घेतं. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी पिऊन ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच असते. डोळ्यांना कोरडा दिसणारा रूळ खरं तर खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असतो, तोही वर्षभर.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचे बरेचसे निर्णय तिच्यावर उभे आहेत. पाऊस रुळाचा मित्रही आहे. उघड्यावरच्या रुळावरचं मीठ पहिल्या चार सरींत धुऊन जातं. छपराखाली झाकलेल्या भागावर वारा मीठ आणतो, पण पाऊस पोचत नाही. तिथे मीठ वर्षानुवर्षं साचत राहतं. म्हणून किनाऱ्यावरच्या सरकत्या छपराचा बाहेरचा रूळ ठीकठाक आणि भिंतीवरचा, सुरक्षित वाटणारा रूळ खालून खाल्लेला, असं चित्र दिसतं. रूळ तपासायचा तर आरसा आणि टॉर्च घेऊन खालची बाजू बघा. वरून काही कळत नाही.

माझं घर समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत आहे. मला एवढी काळजी हवी का?

पहिल्या काही शे मीटरमध्ये मिठाचं प्रमाण फार झपाट्याने उतरतं आणि मग हळूहळू. त्यामुळे चार-पाच किलोमीटरने खूप फरक पडतो. पण मध्ये डोंगर आहे की उघडी खाडी, यावर बरंच ठरतं. खाडीच्या तोंडाकडे बघणारं घर नकाशावर दिसतं त्यापेक्षा समुद्राच्या जवळ असतं. सगळ्यात खरी चाचणी फुकट आहे: आजूबाजूची लोखंडी फाटकं, पत्र्याचे खिळे, विजेच्या खांबावरचे नट-बोल्ट बघा आणि ते कधी बसवले ते शेजाऱ्यांना विचारा. पुणे, नाशिक किंवा साताऱ्याकडे असाल तर खाली सांगितलेल्यातली निम्मी खबरदारीही पुरते.

मग थेट सांगा, कोणता धातू घेऊ?

किनारपट्टीच्या बहुतेक घरांसाठी माझं उत्तर एकच आहे: ५० × ५० × ६ मिलिमीटरचा साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) अँगल घ्यावा, कापून, भोकं पाडून, वेल्डिंग पूर्ण करून मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला द्यावा आणि उलट्या व्हीसारखा, धार वर करून बसवावा. या अँगलचं वजन मीटरला साडेचार किलो असतं. तीन मीटरच्या खोलीला एका बाजूचा रूळ सहा मीटरहून थोडा जास्त लागतो, कारण अर्धा भिंतीवर आणि अर्धा बाहेरच्या खांबांवर असतो. म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ किलोच्या आत काम होतं. संपूर्ण वेधशाळेच्या खर्चात ही रक्कम मोठी नाही.

अगदी वाळूला लागून, लाटांचे तुषार अंगावर येतील अशा जागी असाल तर ३१६ या मिठापुढे टिकणाऱ्या जातीच्या स्टेनलेसचा विचार करा. बाकी ठिकाणी तो पैसा छपराच्या कुलूपबंदीवर आणि चाकांवर खर्च केलेला बरा.

दुकानात तयार ‘जीआय’ (जस्त चढवलेलं लोखंड) मिळतं. ते आणि हे एकच नाही का?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘जीआय’ म्हटलं की वर जस्त आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. १२० ग्रॅमचा जीआय पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, एका बाजूला साधारण साडेआठ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नट-बोल्टवरचं चकचकीत झिंक प्लेटिंग बहुधा त्याच मापाचं किंवा त्याहून पातळ असतं. याउलट पाच मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा माल हॉट डिपमधून काढला की आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त अपेक्षित असतं, म्हणजे जवळजवळ ८५ मायक्रॉन. दहापट.

आता हिशोब करा. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेच्या गंजकारकतेचे वर्ग दिले आहेत. त्यातल्या सी-५ या कडक वर्गात जस्त पहिल्या वर्षी ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं, सी-४ मध्ये २.१ ते ४.२. म्हणजे ८५ मायक्रॉनचा थर कडक किनारी हवेतही दहा ते वीस वर्षं टिकायला हवा, थोड्या आतल्या भागात त्याच्या दुप्पट. साडेआठ मायक्रॉनचा थर त्याच हवेत एक-दोन पावसाळ्यांत संपतो. उघडं लोखंड सी-५ मध्ये वर्षाला ८० ते २०० मायक्रॉन जातं. जस्ताचा थर जाड असण्याचं महत्त्व या तीन आकड्यांत आहे. दुकानदार ‘चांगला जीआय आहे’ म्हणाला तर किती ग्रॅमचा, हे विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

गॅल्व्हनायझिंगला देताना काय काळजी घ्यायची?

ही कामं मोठ्या औद्योगिक वसाहतींत होतात. दोन अँगलसाठी गाडी करणं परवडत नाही, म्हणून ओळखीच्या फॅब्रिकेटरच्या मोठ्या मालाबरोबर आपला माल पाठवायचा, हा व्यवहार्य मार्ग.

माल साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवला जातो. त्यानंतर त्यावर ड्रिल, कटिंग, वेल्डिंग काहीही करायचं नाही. सगळी भोकं आधी पाडायची आणि ती अर्धा ते एक मिलिमीटर मोठी ठेवायची, कारण जस्ताने ती लहान होतात. रुळाखाली बेसप्लेट वेल्ड करणार असाल तर कडेने सलग वेल्ड मारा. मध्ये मध्ये टाके मारून सोडलं तर दोन पृष्ठभागांतल्या फटीत आधी अ‍ॅसिड अडकतं आणि नंतर तेच झिरपून बाहेर येतं. छपराचा चौकटीचा पाइप बुडवायला देणार असाल तर त्याला दोन्ही टोकांना हवा जायला भोकं असलीच पाहिजेत. बंद पाइपात अडकलेली ओल त्या तापमानाला स्फोटासारखी फुटते. कारखानेवाले हे सांगतात, पण फॅब्रिकेटरलाही आधीच सांगून ठेवा.

लांब आणि बारीक माल उष्णतेने वाकतो. सहा मिलिमीटरची जाडी सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. बुडवण्याची टाकी किती लांब आहे ते विचारून मगच तुकड्यांची लांबी ठरवा. सांधा आलाच तर तो भिंतीवर, आधाराच्या बरोबर वर घ्या आणि सरळ न कापता तिरका कापा, म्हणजे चाक धक्का न खाता सरकतं.

माल परत आला की दोन गोष्टी बघायच्या. वरच्या धारेवर जस्ताचे गोळे किंवा ओघळ राहिले असतील तर ते कानशीने हलक्या हाताने समतल करा. ग्राइंडर अजिबात लावू नका. आणि थर मोजायचं यंत्र तिथे असतंच, चार ठिकाणी मापून दाखवा म्हणा. ताजा माल ओल्या जागी एकावर एक रचून ठेवला तर त्यावर पांढरी भुकटी धरते, म्हणून आणल्यावर मध्ये लाकडी पट्ट्या घालून, हवा खेळेल असा ठेवा.

चाक फिरून फिरून जस्त खरवडून जाणार नाही?

शंका रास्त आहे, पण हॉट डिपचा थर एकसंध मऊ जस्ताचा नसतो. सगळ्यात वर शुद्ध जस्ताची पातळ मऊ साय असते. तिच्या खाली जस्त आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे थर असतात आणि ते खालच्या साध्या पोलादापेक्षाही कठीण असतात. सुरुवातीला चाकाच्या वाटेवर मऊ थर दबून चकाकी येते, मग ती झीज मंदावते. दुसरं असं की रंग कोपऱ्यावर नेहमी पातळ बसतो, पण गॅल्व्हनायझिंगचा थर पृष्ठभागाला काटकोनात वाढत असल्यामुळे धारेवरही तेवढाच जाड राहतो. चाकाची वाट नेमकी धारेलगत असते, म्हणून हा मुद्दा रुळासाठी लाखमोलाचा आहे. शिवाय जस्त स्वतः झिजून शेजारचं काही मिलिमीटर उघडं लोखंड राखतं. ओरखडा पडला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

स्टेनलेस लावलं की कटकट संपली, असं सगळे सांगतात.

कोणतं स्टेनलेस, हे कोणी सांगत नाही. बाजारात ‘एसएस’ म्हणून रेलिंगसाठी सर्रास २०२ मिळतं. त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला ते तितकंच सुंदर, पण किनाऱ्यावर पहिल्याच वर्षी तपकिरी ठिपके धरतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे टिकाव धरण्यात त्याचाच मोठा वाटा आहे. वेल्डिंग होणार असेल तर कमी कार्बनचं ३१६एल.

‘चुंबक लावून बघा’ हा सल्ला इथे कामाचा नाही. २०२, ३०४ आणि ३१६ तिन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारं थेंबाचं किट मिळतं, मोठ्या विक्रेत्यांकडे मिश्रधातू मोजणारं हातातलं यंत्रही असतं. किमान मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) मालावरच्या शिक्क्याशी जुळतो का ते बघा.

आणि मग फॅब्रिकेशन. ज्या ग्राइंडिंग चाकाने सकाळी लोखंड कापलं त्याच चाकाने दुपारी स्टेनलेस घासलं, तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि ‘स्टेनलेस गंजलं’ अशी तक्रार सुरू होते. वेल्डच्या बाजूचे निळे-तपकिरी पट्टे पिकलिंग पेस्ट (अ‍ॅसिडचा लेप) लावून काढावेच लागतात, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. ही शिस्त पाळणारा कारागीर असेल तर ३१६ उत्तमच. नसेल तर महागडं ३१६ त्याच्या हातून ३०४ च्या पंगतीला येऊन बसतं. स्टेनलेसचा खरा शत्रू म्हणजे फट. वॉशरखाली, पट्टीमागे, जिथे खारं पाणी अडकतं आणि प्राणवायू पोचत नाही, तिथे ते खोल खड्डे पाडत जातं आणि वरून पत्ता लागत नाही. स्टेनलेसच्या नटात स्टेनलेसचा बोल्ट कोरडा आवळला तर तो जाम होतो, ही आणखी एक गोष्ट. आवळण्यापूर्वी अँटी-सीझ पेस्ट लावा.

अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे, गंजतही नाही. त्याचे रूळ का नकोत?

छपराच्या सांगाड्याला अ‍ॅल्युमिनियम जरूर वापरा, तिथे हलकेपणाचा फायदा आहे. रुळाला नको. एकतर ते पोलादाच्या एक-तृतीयांशच ताठ असतं, त्यामुळे तेवढ्याच मापाचा रूळ दोन आधारांमध्ये तिप्पट लवतो. दुसरं, अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने त्यावर चढवलेला संरक्षक थर कठीण पण जेमतेम २५ मायक्रॉनचा आणि त्याखालचा धातू मऊ असतो. चाकाखाली तो थर तडकतो. अगदी हलकं छप्पर आणि प्लास्टिकची रुंद, सपाट चाकं असतील तर ६०६१ किंवा ६०६३ या जातींचं अ‍ॅल्युमिनियम चालून जाईल, पण मी स्वतः कोणाला सुचवणार नाही.

कॉर्टन स्टील? फायबर?

कॉर्टन, म्हणजे स्वतःच्याच गंजाच्या थराने राखलं जाणारं पोलाद, किनाऱ्यावर नको. त्याचा संरक्षक गंजथर मिठाच्या हवेत नीट धरतच नाही. फायबरचे पुलट्रुडेड (धागे राळेत ओढून घडवलेले) चॅनल गंजत नाहीत, पण चाकाखाली झिजतात आणि उन्हाने वरचे धागे उघडे पडतात. बाहेरच्या खांबांना आडवा आधार म्हणून ते चांगले, रूळ म्हणून नाहीत.

एका धातूला दुसरा लागला तर?

ओल्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की त्यातला एक लवकर झिजतो. गॅल्व्हनाइज्ड रुळाला स्टेनलेसचे थोडे बोल्ट चालतात, कारण झिजणारा पृष्ठभाग मोठा आणि झिजवणारा लहान आहे. उलटं कधी करू नका. स्टेनलेसच्या लांब रुळाला जस्ताचे बोल्ट मारले तर बोल्टांवरचं जस्त बघता बघता जातं. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला स्टेनलेसचे बोल्ट असतील तर मध्ये नायलॉनचं बुश आणि वॉशर घाला.

आणि तांबं रुळाच्या आसपासही नको. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तांब्याची पट्टी रुळाला चिकटून नेऊ नका आणि रुळाच्या वरूनही नेऊ नका. तांब्यावरून ठिबकलेलं पाणीसुद्धा जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम खातं.

गेटवाल्याकडे तयार सी-चॅनल ट्रॅक मिळतो, चाकं आतून धावतात. तो वापरला तर?

तोंड वर करून बसवला तर ती पन्हाळ झाली. पाणी, वाळू, आंब्याचा मोहोर, मुंग्यांची वारुळं सगळं त्यात साठतं. खाली तोंड करून टांगलेला चॅनल त्यापेक्षा बरा, पण आतली बाजू कधी धुतली जात नाही आणि दिसतही नाही. धार वर असलेल्या अँगलवर पाणी थांबूच शकत नाही, पडलेली वाळू चाक बाजूला सारतं आणि एका फडक्याने पूर्ण रूळ पुसता येतो. आकार बरोबर असेल तर साधा धातूही दीर्घकाळ जगतो. आकार चुकला तर ३१६ सुद्धा वाचवत नाही.

आमच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत. रूळ थेट वर बसवू?

थेट नको. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो आणि दिवाळीपर्यंत सोडत राहतो. त्यावर टेकलेला धातू खालून सतत ओला राहतो. भिंतीच्या माथ्यावर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओता आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. त्यात १२ किंवा १६ मिलिमीटरचे अँकर बोल्ट सोडा. प्रत्येक बोल्टवर खाली एक नट, मग बेसप्लेट, मग वर एक नट असं बसवलं की नट फिरवून रूळ मिलिमीटरने वरखाली करता येतो. प्लेटखालच्या जागेत न आकसणारा ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरा आणि दोन प्लेटींच्या मध्ये रुळाखाली बोटभर मोकळी जागा ठेवा. त्या फटीतून पाण्याचा फवारा मारता आला पाहिजे. झाकलेल्या भागात मीठ साचतं हे वर म्हटलं, ते काढायची वाट हीच.

काँक्रीट ओलं असताना रूळ बसवण्याची घाई करू नका. ताज्या सिमेंटचा क्षार जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींना लागतो. पट्टा पुरता मुरू द्या.

चाकं कोणती?

तीन मीटर चौरस खोलीवरचं पत्र्याचं छप्पर सांगाड्यासकट साधारण दोनशे ते तीनशे किलो भरतं. आठ चाकं लावली तर एकेकावर तीस-चाळीस किलो. एवढ्याला व्ही खाच असलेलं अ‍ॅसिटलचं (एका कठीण प्लास्टिकचं) चाक पुरून उरतं, आवाज करत नाही आणि रुळावरचं जस्त राखतं. झिजायचंच असेल तर चाकाने झिजावं, रुळाने नाही. चाक तासाभरात बदलता येतं.

नायलॉनपेक्षा अ‍ॅसिटल का? नायलॉन पाणी शोषून फुगतं. उन्हाळ्यात नीट बसवलेलं चाक भर पावसाळ्यात आसावर घट्ट होतं. अ‍ॅसिटल एक टक्क्याच्या आसपासच पाणी घेतं. स्थानिक टर्नर रॉडमधून खाच कापून देतो. खाचेचा कोन ९० अंशांचा हवा आणि तळाशी थोडी मोकळी जागा हवी, म्हणजे चाक धारेच्या दोन्ही उतारांवर बसतं, टोकावर नाही.

बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या, उदाहरणार्थ ६२०४-२आरएस, जे कुठल्याही शहरात मिळतं. आस ३१६ चा. छप्पर खूप हलकं असेल तर बेअरिंग गाळून अ‍ॅसिटलचं चाक थेट स्टेनलेसच्या आसावर फिरू द्या. ढकलायला थोडं जड जाईल, पण गंजणारा भागच उरत नाही.

दोन्ही रुळांवर व्ही चाकंच लावायची ना?

एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला सपाट चाक आणि सपाट पट्टी. दोन रूळ सहा मीटरभर अगदी समांतर बसत नाहीत आणि बसले तरी छप्पर उन्हात रुंदावतं. दोन्हीकडे खाच असेल तर तो फरक जायला जागा नसते, चाकं धारेवर चढतात आणि थर घासून निघतो. गंजाचं म्हणून जे दाखवलं जातं, ते अनेकदा या घासण्यातून सुरू झालेलं असतं.

लांबीचाही विचार हवा. सहा मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर पोलाद सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, ३०४ स्टेनलेस ४, अ‍ॅल्युमिनियम साडेपाच. एक टोक पक्कं करा, बाकीच्या प्लेटींना लांबट भोकं ठेवा. रूळ आणि त्याचे खांब दुर्बिणीच्या खांबाला कुठेही टेकता कामा नयेत, हे वेगळं सांगायला नको.

रुळाला ग्रीस लावायचं का?

नाही. ग्रीसवर वाळू चिकटते आणि कानशीचं काम करते. रूळ कोरडा आणि स्वच्छ ठेवायचा.

वरून रंग किंवा पावडर कोटिंग केलं तर जास्त टिकेल?

गॅल्व्हनायझिंगवर योग्य प्रायमर मारून रंग दिला तर आयुष्य नक्की वाढतं, पण चाकाची वाट सोडून. वाटेवरचा रंग सोलपटतो, त्याच्या कडेखाली पाणी शिरतं आणि आतल्या आत पसरतं. नुसत्या लोखंडावर रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट हा किनाऱ्यावर इलाज नव्हे.

वादळाचं काय?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गेलं. त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६७० न्यूटन भरतो. दहा चौरस मीटरच्या छपरावर तेवढीच उचल धरली तरी ती साडेसहाशे किलोच्या वर जाते आणि छप्पर अडीचशे किलोचं आहे. केवळ वजनावर ते बसणार नाही.

म्हणून छपराच्या चौकटीला असे हूक हवेत, जे रुळाच्या पट्टीखालून वळून धावतील आणि छप्पर कुठल्याही ठिकाणी असलं तरी वर उचलू देणार नाहीत. बंद स्थितीत चार कोपऱ्यांना टर्नबकल, म्हणजे आटा फिरवून ताणता येणारे आकडे. या सुट्या वस्तूंसाठी मात्र ३१६ घ्याच. त्या लहान असतात, वजनाने फार पैसे पडत नाहीत आणि टर्नबकलचा आटा गंजला तर वादळाच्या आदल्या रात्री तो फिरत नाही. बाजारातले चकचकीत प्लेटिंगचे टर्नबकल इथे वापरू नका.

पावसाळ्याचे चार महिने छप्पर बंदच असतं. तेव्हा काय करायचं?

आगोटीच्या कामांबरोबरच हेही करून घ्या. मेअखेर गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने रूळ, खालची फट आणि चाकांच्या चौकटी धुवायच्या, पूर्ण सुकू द्यायच्या. हूक आणि टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस. पावसाळ्यात उघडीप मिळाली की छप्पर हातभर पुढेमागे हलवा, म्हणजे चाक महिनोन्‌महिने एकाच जागी दबून राहत नाही. छपराच्या कडेची झालर रुळाच्या बाहेर, खालपर्यंत आली आहे ना आणि पागोळ्या रुळावर पडत नाहीत ना, हे पहिल्याच मोठ्या पावसात उभं राहून बघा. कोजागरीच्या सुमाराला हंगाम सुरू करण्यापूर्वी पुन्हा एकदा धुणं. पुढे मार्चमध्ये मधेच एकदा फवारा मारलात तर उत्तम, कारण त्या कोरड्या महिन्यांतही झाकलेल्या भागावर मीठ जमत राहतं.

साध्या लोखंडाचा रूळ बसवून झाला आहे आणि गंज धरलाय. सगळं उखडायचं?

आधी हातोडीने हलके ठोके मारत जा. टणटणीत आवाज येतो तोवर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तिथे खरवडून व्हर्नियरने जाडी मोजा. सहातले पाच मिलिमीटर शिल्लक असतील आणि रूळ बोल्टने बसवलेला असेल, तर तो सोडवा. गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यात अ‍ॅसिडमध्ये गंज निघतोच. जुना रंग आणि डांबर तेवढं आपण आधी काढून द्यायचं. तोच रूळ नव्यासारखा होऊन परत येतो.

भिंतीत गाडलेला किंवा वेल्ड केलेला असेल आणि काढणं शक्य नसेल, तर वायरब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढा, सुकल्यावर त्याच दिवशी झिंक-रिच प्रायमरचे दोन हात द्या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर खाऱ्या हवेत नवा गंज धरलेला असतो. हा उपाय दरवर्षी करावा लागेल, पण पुढचा रूळ बोल्टचा करायची तयारी होईपर्यंत तो काम भागवतो. जाडी चार मिलिमीटरच्या खाली गेलेली कुठेही आढळली, तर त्या रुळावर छप्पर उघडणं लगेच बंद करा आणि आधी रूळ बदला.